न सापडणारा जोड

वाचनालयाचा जिना उतरताना तिला जगाची एवढीशी पट्टी दिसत होती. रेडिओचं रिकामं कॅबिनेट तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. ते नाकाच्याही वर जात होतं, त्यामुळे समोरचं जे काही दिसायचं ते डायलच्या काच नसलेल्या खिडकीतूनच. त्या पट्टीत आधी कठडा सरकला, मग शर्टाचा एक खिसा आला, खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन चिमटे... आणि मग एक चेहरा, जो जरासा वाकून थेट खिडकीतच डोकावला.

“बातम्या कधी लागणार?” चेहऱ्याने विचारलं.

“वाट सोडलीत की लगेच.”

चेहरा हसला, पण वाट काही सोडली नाही. “यातलं यंत्र काल मीच काढून नेलं. बटणं विसरलो, ती न्यायला आलोय. बरं झालं भेटलात— त्या खोक्याबद्दल तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“खोकं?” ती जागच्या जागी थांबली. “खोकं चपलांचं असतं. हे कॅबिनेट आहे.”

“बरं, कॅबिनेट. तर त्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला—”

“पुढची बाजू, मागची बाजू, सगळं दिसतं मला. लाकडातलं मला कुणी शिकवायला नको. तुम्ही तुमच्या तारा-बिरा बघा.”

एवढं बोलून ती तडक खाली उतरली. शेवटची पायरी चुकली होती, पण तिने ते मुद्दामच केल्यासारखं दाखवलं. मागून हसण्याचा आवाज आला की नुसता भास झाला, हे तिने वळून पाहिलं नाही.

आता एवढं फणकारायला झालं होतं काय, असं कुणीही विचारेल. झालं होतं ते पाच मिनिटांपूर्वी, वर, ग्रंथपालबाईंच्या टेबलापाशी. तिचे वडील म्हणजे गावभर प्रसिद्ध आरसेकाका. त्यांनी पॉलिश केलेल्या कपाटात बघून लोक भांग पाडायचे, म्हणून हे नाव. चार वर्षांपूर्वी काकांचे हात थरथरायला लागले आणि तेव्हापासून दुकानातलं प्रत्येक काम तीच करत होती. पण गिऱ्हाईक येणार, टेबलावरून हात फिरवणार आणि म्हणणार, “वा, आरसेकाकांचा हात तो आरसेकाकांचा हात.” बाबा दरवेळी सांगायचे, “मुलीनं केलंय हो.” गिऱ्हाईक मान डोलवायचं, “म्हणजे तुम्ही शेजारी बसून सांगितलंत, असंच ना?”

यावेळी शेजारी बसून सांगायला बाबा नव्हतेच. ते पंधरा दिवसांसाठी आत्याकडे गेले होते आणि रेडिओचं काम नेमकं त्यानंतर आलं. वाचनालयाचा हॉल नव्याने उघडायचा होता, आणि एके काळी ज्या रेडिओभोवती सगळा मोहल्ला बातम्या ऐकायला जमायचा तो पुन्हा त्याच्या जागी बसवायचा होता. पहिल्या ओरखड्यापासून शेवटच्या हातापर्यंत हे काम तिचं एकटीचं असणार होतं, आणि ते तिचं आहे असं निदान एकदा तरी कुणीतरी म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. तर ग्रंथपालबाई काय म्हणाव्यात? “कर हो तू, पण देण्याआधी काकांना एकदा दाखवून घे.” त्या रागाचा फटका जिन्यातल्या बिचाऱ्याला बसला.

दुकानात आणून तिने कॅबिनेट टेबलावर ठेवलं आणि खिडकीच्या उजेडात नीट पाहिलं. अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर, दोन ठिकाणी फुगला होता. एक कोपरा टवका उडून पांढरा पडला होता. जुनं पॉलिश काळं झालं होतं. आणि डायलच्या बरोबर वर एक भोक. मोठ्या नाण्याएवढं, कडा कुरतडल्यासारख्या, आत कुणीतरी बाटलीचं बूच कोंबलेलं.

“काय माणसं असतात एकेक,” ती पुटपुटली. कुणा अतिशहाण्याने दिवा नाहीतर झेंडा लावायला भोसकलं असणार, दुसरं काय. इतक्या सुंदर लाकडाच्या ऐन कपाळावर. तिचं ठरलं: हे भोक असं बुजवायचं की इथे काही होतं हे देवालाही कळता कामा नये.

तिने मागच्या पट्टीखाली झाकलेल्या जागेतून त्याच व्हिनियरचा तुकडा सोडवला. भोकात आधी जुन्याच फळीची चकती बसवली. वरच्या तुकड्याच्या कडा सरळ कापल्या नाहीत, तर लाकडाच्या रेषा जशा वळत होत्या तशा वळवल्या, म्हणजे जोड रेषेतच लपावा. गरम सरस लावला, वजन ठेवलं. दुसऱ्या दिवशी वजन उचललं तेव्हा तिची तिलाच जागा शोधावी लागली. मग मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने लाखेचं पॉलिश, हात हलका, थांबायचं नाही, पुन्हा पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने कॅबिनेटकडे पाहिलं आणि एकटीच हसली. आपण हे केलंय, हे तिला स्वतःलाच दोनदा सांगावं लागलं.

आणि नेमका तेव्हाच दारात तो उभा. तिने झटकन कॅबिनेटवर चादर ओढली.

“मी काही चोर नाही,” तो म्हणाला.

“अर्धं काम आम्ही कुणाला दाखवत नाही. बाबांचा नियम आहे.”

“मी बटणं दाखवायला आलोय. पुसली, पॉलिश केली. रंग तुमच्या लाकडाला शोभतो का ते बघा.” त्याने रुमाल उघडला. तपकिरी गोल बटणं बोरांसारखी चकाकत होती. तिने एक उचलून नखाने कड तपासली. खाचेतसुद्धा मळ नव्हता. कामचुकार माणूस नव्हता हा.

“शोभतात,” ती म्हणाली. मग, कारण खरं ते बोलायलाच हवं, “छान झालीत.”

“खोक्याला?”

“कॅबिनेटला.” पण हसू काही तिला आवरलं नाही.

त्याच्या दुकानातून दिवसभर कुठल्या ना कुठल्या रेडिओचा आवाज यायचा, म्हणून आळीतले लोक त्याला खरखर म्हणत. नावाचा हा किस्सा त्याने स्वतःच सांगितला आणि वर म्हणाला, “पण मी बंद रेडिओ परत केलाय असं सांगणारा एक माणूस आणून दाखवा.” तो हे बढाई म्हणून सांगत नव्हता. आपल्या हाताची त्याला खात्री होती आणि ती लपवण्याची गरज वाटत नव्हती. तिला हे फार आवडलं. आपल्यासारखंच आणखी कुणीतरी आहे, असं तिला वाटलं.

मग आभाळ भरून आलं आणि दोन दिवस पावसाने उसंत घेतली नाही. ओल्या हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं होतं, त्यामुळे काम बंद. एरवी अशा पावसावर ती दातओठ खायची. आता मात्र ती दारातल्या स्टुलावर बसून पागोळ्या बघत होती, आणि कोपऱ्यावर काळी छत्री दिसली की उगाचच हत्यारं पुसायला घेत होती.

एकदा तो स्पीकरवरच्या कापडाचे नमुने घेऊन आला. दुसऱ्यांदा डायलच्या काचेचं माप विचारायला. तिसऱ्यांदा कारण सुचलं नसावं, कारण तो नुसताच येऊन बसला.

“आज काय विसरलात?” तिने विचारलं.

“कारण.”

तिने चहा ठेवला. बाहेर पाऊस, आत स्पिरिट आणि लाखेचा वास, आणि दोघांच्या मधे चादर पांघरलेलं ते कॅबिनेट.

“एक विचारू?” ती म्हणाली. “त्या दिवशी जिन्यात... काय सांगणार होतात?”

तो सांगायला म्हणून पुढे झुकला आणि मग थांबला. डोळ्यांत काहीतरी खोडकर चमकलं. “आता नाही सांगत. त्यासाठी मी तीन भंगारबाजार पालथे घातलेत, आणि मिळालीय एकदाची वस्तू. बसवायच्या दिवशीच बघा. अर्धं काम मीही दाखवत नाही.”

“नक्कल करताय माझी.”

“चांगल्या गोष्टीची करतो मी.” हे तो चहाच्या कपात बघून म्हणाला. तिचे कान तापले... आणि चहा खरं तर तितका गरम नव्हता.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने स्वतःची चांगली खरडपट्टी काढली. आठ दिवसांची ओळख, त्यात पहिल्या दिवशी भांडण, आणि इतकं काय हे? पण मन ऐकायला तयार नव्हतं. तिला तो आवडत होता, मनापासून आवडत होता, आणि शनिवारी, यंत्र बसवायच्या दिवशी, चादर काढल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय दिसेल याचीच ती वाट बघत होती.

शनिवार उजाडला. ऊन स्वच्छ पडलं होतं. तो चॅसिस, म्हणजे रेडिओचा सगळा आतला संसार, दोन्ही हातांवर तोलत घेऊन आला. तिने चादर काढली.

तो कॅबिनेटभर नजर फिरवत राहिला. ती वाट बघत राहिली.

“भोक कुठंय?” त्याने विचारलं.

“कसलं?”

“डायलच्या वर. डोळ्याचं भोक.” त्याने चॅसिस खाली ठेवून एका काचेच्या नळीकडे बोट दाखवलं. “मॅजिक आय. रेडिओ लागला की इथे हिरवा उजेड पडतो, आणि स्टेशन नीट लागलं की त्यातली काळी फट मिटत येते. जुन्या, भारी रेडिओंनाच असायचा. जुना डोळा कधीच फुटला असणार, कुणीतरी बूच मारून ठेवलं होतं. हीच नळी मी शोधत होतो. जिन्यात मी हेच सांगणार होतो की भोकाच्या कडा तेवढ्या नीट करा...”

तिने कॅबिनेटकडे पाहिलं. “ते भोक... मुळातलं होतं?”

“मुळातलं.”

“मी बुजवलं,” ती म्हणाली. “मला वाटलं कुणीतरी भोसकलंय. तुम्ही सांगत होतात आणि मी... तुमच्या तारा-बिरा बघा म्हणाले.”

तो ऐकतच नव्हता. तो कॅबिनेटसमोर वाकला होता. आधी बोट फिरवलं. मग खिशातून भिंग काढलं. मग खिडकी पूर्ण उघडून तिरप्या उजेडात पाहिलं.

“कुठे बुजवलंत?”

“तुमच्या नाकासमोर.”

“नाही हो. खरं सांगा.”

त्याच वेळी रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि पिशवी सावरत बाबा आत आले. मुलीचा चेहरा बघून त्यांनी पिशवी तिथेच टेकवली. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं, स्वतःची चूक जराही न झाकता. बाबांनी ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि स्टूल ओढून कॅबिनेटसमोर बसले. त्यांची बोटं थरथरत होती, पण लाकडाला टेकली तशी शांत झाली. डोळे मिटून त्यांनी डायलच्या वरची जागा चाचपली. पुन्हा चाचपली.

“इथे,” ते म्हणाले.

“नाही, बाबा.”

“मग इथे.”

“तिथेही नाही.”

तिसऱ्यांदा त्यांनी बोट ठेवलं तेही चुकलंच. बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला, पुसतच राहिले. “चाळीस वर्षं मी जोड लपवले,” ते म्हणाले. “दुसऱ्याचा लपवलेला जोड मला सापडला नाही, असं आजवर झालं नव्हतं.” मग ते उठले. “मी हातपाय धुऊन येतो,” म्हणत आतल्या खोलीत गेले, आणि नळाचा आवाज जरा जास्तच वेळ येत राहिला.

ती भिंतीला टेकून उभी होती. हसावं की रडावं तिला कळेना. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तिने केलं होतं, आणि ते चुकीच्या जागी केलं होतं.

“ऐका,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “हे असंच राहू दे. नळीची तार मी सोडवून ठेवतो. आवाजात काडीचा फरक पडत नाही. डोळा होता हे आपल्या तिघांशिवाय कुणाला माहीत आहे?”

“आणि तुमचे तीन भंगारबाजार?”

“गेले.”

“बंद वस्तू परत केली नाही कधी, म्हणाला होतात.”

“हो. पण यावर करवत फिरवायला मला नाही जमणार.” कॅबिनेटवरून नजर उचलून त्याने तिच्याकडे पाहिलं. “मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी त्या खिडकीतून रागाने बघत होतात ना, तेव्हापासूनच. हे नीट, चांगल्या वेळी सांगणार होतो, पण... आता सांगून टाकलं.”

तिने ऐकलं. डोकं एकदम स्वच्छ झालं होतं. आपल्या कामावर एवढा जीव असलेला हा माणूस तिच्यासाठी आपलं काम अर्धं ठेवायला निघाला होता. हे तिला नको होतं. तो तिला पूर्ण हवा होता, त्याच्या खरखरीसकट, त्याच्या हिरव्या डोळ्यासकट.

“पेन्सिल आहे?” तिने विचारलं.

“कशाला?”

“मापं घ्या. डोळा नेमका कुठे येतो ते आतून आखून द्या, कारण बाहेरून तुम्हाला काही जागा सापडायची नाही.”

“तुम्ही कापणार? हे?”

“या रेडिओला डोळा होता. जुनं होतं तसं परत करणं, हे माझं काम. बाबांना जोड सापडला नाही, ते मी बघितलं. मला पुरे झालं.”

“आणि मी जे बोललो... त्याचं?”

“आधी काम,” ती म्हणाली. “त्याचं उद्या सांगते.”

आधी तिने कंपासला धारदार पातं लावून पॉलिशवर गोल चीर पाडली, म्हणजे कड उडू नये. मग बारीक ड्रिल, मग करवत, मग अर्धगोल कानस. करवत पहिल्यांदा लाकडात शिरली तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. हात मात्र हलला नाही. तो कॅबिनेट धरून उभा होता, श्वास रोखून. चकती सुटून त्याच्या तळहातावर पडली. ती त्याने न विचारता शर्टाच्या खिशात ठेवली, आणि तिने ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. संध्याकाळपर्यंत कडांना पॉलिशचा हात बसला आणि काचेचा डोळा भोकात असा बसला की जणू एकमेकांसाठीच घडवलेले.

रविवारी सकाळी वाचनालयाचा हॉल भरला होता. रेडिओ खिडकीशेजारच्या फळीवर ठेवला. त्याने बटण फिरवलं. आधी नुसतीच खरखर, त्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी त्याचं नाव घेऊन हशा पिकवला... मग कपाळावरचा डोळा हळूहळू हिरवा उजळला आणि सगळे माना उंचावून बघायला लागले. काटा सरकला, हिरव्या उजेडातली काळी फट मिटत आली, आणि एका बाईचा गाण्याचा आवाज हॉलभर स्वच्छ पसरला. पहिल्या रांगेतले एक आजोबा उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. त्या लाकडातली प्रत्येक रेष तिला पाठ होती, आणि त्या आवाजातला प्रत्येक सूर त्याने जागेवर आणला होता.

ग्रंथपालबाईंनी रेडिओशेजारी एक छोटं कार्ड उभं केलं. सुंदर वळणदार अक्षर: ‘कॅबिनेट : आरसेकाका.’ मग त्या बाबांकडे वळल्या. “काका, हात तो तुमचाच. लगेच ओळखू येतो.”

तिने नजर खाली घातली. सवयच होती ती.

बाबा पुढे आले. नेहमीसारखं गुळमुळीत बोलले नाहीत. कार्ड उचलून त्यांनी ग्रंथपालबाईंच्या हातात परत दिलं. “हा हात माझा नाही,” ते भर हॉलमध्ये खणखणीत म्हणाले. “मी कालच घरी आलो, तोवर सगळं झालेलं होतं. पोरीने घातलेला जोड मी बोटांनी शोधला, तीनदा शोधला, मला सापडला नाही. असं काम मला कधी जमलं नव्हतं. तिचं नाव घाला. नुसतं तिचं, माझ्या नावाची शेपटी नको.”

हॉलमधली माणसं तिच्याकडे बघायला लागली. तिने मान वर केली आणि ती तशीच वर ठेवली.

ग्रंथपालबाई जरा ओशाळल्या. टेबलाच्या खणातून त्यांनी नवं कार्ड शोधलं, पण मिळालं ते पहिल्याच्या निम्मं. “एवढंच शिल्लक आहे,” त्या म्हणाल्या. “यंत्र दुरुस्त केलं त्याचंही नाव घालायला हवं. वेगवेगळ्या ओळी काही मावणार नाहीत. दोघांची नावं एकाच ओळीत, शेजारी शेजारी लिहिली तर चालेल का?”

सकाळपासून अखंड बडबडणारा तो मान खाली घालून उभा राहिला. रेडिओचं बटण उगाचच पुसत म्हणाला, “त्यांना विचारा.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायचं राहिलं होतं, हे तिच्याही लक्षात होतं आणि त्याच्याही.

“चालेल,” ती म्हणाली. “फक्त माझं नाव आधी.”

त्याने मान वर केली. “आजच्यापुरतं... की?”

“नेहमीच.”

“मंजूर,” तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कानापर्यंत गेलं. बाबा खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघायला लागले. ग्रंथपालबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि आधी तिचं नाव लिहिलं.